शरीराने घेतलेला धसका

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन करून दमलेली किल्लारी आणि आसपासची गावं गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि जड माळवदांखाली, दगडी भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांतल्या अनेकांना पुढे कितीतरी दिवस छताखाली झोपायचीच भीती वाटायची.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, धसका. मात्र प्रत्येक धसका म्हणजे पीटीएसडी, म्हणजेच आघातोत्तर ताणविकार, नव्हे. पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं स्वाभाविकच, आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ती घटना डोळ्यांपुढे येत राहिली, माणूस तिची आठवण करून देणारं सगळं टाळू लागला, रोजचं जगणं अडू लागलं, तर तो आजार. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकेत तो अधिकृत यादीत आला, तेही १९८० साली!

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आठवणीला स्थळ-काळाची चौकट देतो. आघाताच्या वेळी हे काम विस्कटतं आणि धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला मात्र सगळं पक्कं टिपून ठेवतो. म्हणून शेजारून ट्रक गेला, भांडं खणखणलं, तरी शरीराच्या लेखी भूकंप आत्ताच होत असतो.

पीटीएसडीच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पस लहान आढळतो. आघातानेच तो आक्रसला, असं वाटणं साहजिक आहे. पण २००२ साली एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास झाला. एक भाऊ लढाईला गेलेला, दुसरा घरीच. ज्यांना आजार जडला, त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे थोडीफार नाजूकता आधीपासूनच असू शकते. ‘त्याच प्रसंगातून गेलेले बाकीचे बरे आहेत, तुलाच काय झालं?’ असं विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सतत सावध राहण्याची किंमत शरीर मोजतं. नाडी जलद, स्नायू ताठ, झोप तुटक. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल अशा वेळी वाढलेलंच असणार, असा आपला अंदाज. पण अनेक रुग्णांत ते उलट कमी सापडलं. कॉर्टिसॉल ताणाची प्रतिक्रिया आवरायचंही काम करतं, तेव्हा हा ब्रेकच ढिला पडला असावा, असं संशोधक मानतात. अशा लोकांत हृदयविकार आणि मधुमेहाचं प्रमाणही जास्त दिसतं. रुग्ण मात्र छातीतली धडधड, पाठदुखी, पोटाची तक्रार घेऊन फिजिशियनकडे जातो, ईसीजी नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून घरी परततो.

उपचार आहेत. काही औषधांचा उपयोग होतो, पण मुख्य आधार मानसोपचाराचा. त्यातल्या एका पद्धतीत रुग्ण प्रशिक्षित तज्ज्ञासमोर डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो. ‘भिंत पडतेय, मी हाक मारतोय.’ मग पुन्हा तेच, पुढच्या भेटीतही तेच. सुरुवातीला घाम फुटतो, शब्द अडतात. होता होता तीच हकिगत सांगताना नाडी शांत राहू लागते. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.