क्यू ब्रिजची दोन स्टेशनं

लंडनच्या पश्चिमेला क्यू ब्रिज नावाचं रेल्वे स्टेशन आहे, १८४९ साली सुरू झालेलं. बाहेर आलं की जवळच विटांचा एक उंच, देखणा मनोरा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, स्टेशनचाच असावा. असतोही स्टेशनचाच, पण दुसऱ्या: पाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनचा. आणि हे स्टेशन शेजारच्या रेल्वे स्टेशनच्याही आधीचं, १८३८ सालचं.

अशी गल्लत इंग्लंडमध्ये सहज होते, कारण दोन्ही इमारती एकाच काळाच्या लेकी. वीट, ओतीव लोखंड, कोळसा, वाफ सगळं सारखं; कधीकधी तर माणूसही तोच. चार्ल्स हेन्री ड्रायव्हर हा वास्तुकार ओतीव लोखंडाच्या नक्षीकामातला उस्ताद. (आडनाव रेल्वेला शोभणारं, पण तो गाडी चालवत नव्हता.) डेन्मार्क हिल आणि बॅटरसी पार्क ही लंडनची रेल्वे स्टेशनं त्याची, आणि अभियंता जोसेफ बॅझलजेटने उभारलेल्या क्रॉसनेस (१८६५) व ॲबी मिल्स (१८६८) या पंपिंग स्टेशनांची सजावटही त्याचीच. मात्र ही दोन्ही सांडपाण्याची. क्यू ब्रिजचं नळाच्या पाण्याचं. क्रॉसनेसच्या आत लाल-हिरव्या रंगातली लोखंडी फुलं-पानं पाहून, हे सगळं मैलापाण्यासाठी केलंय यावर विश्वास बसत नाही.

फरक ओळखायचा तर आत काय हलतं ते विचारावं. रेल्वे स्टेशनात गाड्या आणि माणसं हलतात, म्हणून इमारत आडवी पसरते. लंडनच्याच सेंट पँक्रस रेल्वे स्टेशनला अभियंता विल्यम बार्लोने १८६८ साली सुमारे ७३ मीटर रुंदीचं छत मध्ये एकही खांब न घेता टाकलं. पंपिंग स्टेशनात वाफेचं इंजिन जागचं हलत नाही, फक्त त्याची तुळई, म्हणजे वरचा आडवा लोखंडी दांडा, वरखाली होते. क्रॉसनेसच्या प्रत्येक इंजिनाची तुळई ४७ टनांची! खाली सिलिंडर, वर तुळई, म्हणून ही इमारत उभी वाढते आणि खिडक्याही उंचच उंच होतात. क्यू ब्रिजच्या १८४६ सालच्या इंजिनाचा सिलिंडर ९० इंच व्यासाचा आहे. त्यात उभ्या माणसाचं डोकंही दिसायचं नाही.

धुराडं पाहून ओळखू म्हणाल, तर तिथेही फसगत. क्यू ब्रिजचा तो मनोरा धुराडं नाहीच. त्यात उभे नळ आहेत, पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नळांत बसणारा दाबाचा धक्का झेलण्यासाठी. उलट ॲबी मिल्सची दोन खरी धुराडी दुसऱ्या महायुद्धात पाडली. आता घुमट मिरवणारी ती इमारत कुणाला चर्च वाटते, कुणाला रेल्वे स्टेशन.

पुढे नशिबं फिरली. गाड्या विजेवर आल्या तरी फलाट लागतोच. पंप विजेवर आले तसे ते अजस्र हॉल रिकामे झाले. क्यू ब्रिजला १९७५ साली संग्रहालय उघडलं. क्रॉसनेसची चार इंजिनं मोडीत काढणंही परवडेना म्हणून तशीच गंजत पडली. त्यातलं ‘प्रिन्स कॉन्सर्ट’ हौशी स्वयंसेवकांनी घासूनपुसून २००३ साली पुन्हा वाफेवर फिरवलं.