तरंगत्या कचऱ्याची मोजणी : अहवाल वाचण्यापूर्वी

आमच्या अहवालात ‘ताशी इतके नग’ असा आकडा असतो. तो कसा येतो आणि त्यावर कितपत विसंबायचं, हे काम सुरू होण्याआधीच आपल्याला सांगून ठेवतो.

मोजणी नदीवरच्या पुलावरून होते. नदीच्या पात्राचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यावर ठरलेली मिनिटं उभं राहायचं आणि खालून जाणारी अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू प्रकारानुसार टिपायची. कचरा पात्रभर सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे एकाच जागी उभं राहून केलेली मोजणी आम्ही अहवालात धरत नाही. कॅमेरा दिवसभर बघतो खरा, पण पाण्यावर चमकणारं ऊन, फेस आणि पालापाचोळा त्याला फसवतात. म्हणून त्याची काही चित्रं आमचा माणूस दर वेळी डोळ्यांखालून घालतो. उपग्रहाचं विचाराल, तर सेंटिनेल-२च्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा असतो. त्यात बाटली दिसत नाही.

या आकड्यात काय येत नाही, हे जास्त महत्त्वाचं. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची, म्हणजे पाण्यापेक्षा जड. झाकण घट्ट असेल तर आतल्या हवेवर ती तरंगते. झाकण निघालं की पाणी भरतं आणि ती तळाला जाते. झाकण मात्र हलक्या प्लास्टिकचं, ते वरच राहतं. नुसती झाकणंच वाहताना दिसू लागली की आम्ही प्रवाहाच्या वरच्या बाजूला नदीचा तळही तपासायला सांगतो. जलपर्णी असेल तर वरून फक्त हिरवं दिसतं, पिशव्या मुळांत अडकलेल्या असतात. अशा वेळी थोडी जलपर्णी काठावर ओढून, झटकून बघावीच लागते.

‘आमची नदी लहान आहे, मोजून काय करायचं?’ असं बरेच जण विचारतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्यांतून जातं, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या पुष्कळ आहेत.

पाणी चढू लागलं की काठावर साठलेला कचरा सुटतो. म्हणून पुराच्या दिवसांतल्या फेऱ्या खर्चासाठी गाळू नका, हा आमचा आग्रह आहे. कोरड्या महिन्यांच्या आकड्याला बाराने गुणून वर्षाचा अंदाज आम्ही देणार नाही.

एक विनंती. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले किंवा नाल्यावरची जाळी साफ केली, तर ती तारीख आम्हाला लगेच कळवा. ती हाताशी नसेल, तर त्या दिवशीचा चढलेला किंवा उतरलेला आकडा कशामुळे, हे आम्हाला सांगता येत नाही.