मुंबईत वीज का जात नाही, आणि त्याची किंमत कोण देतं

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या, कोविड रुग्णालयांत जनरेटर लावावे लागले. देशभर बातमी झाली, कारण मुंबईला अंधाराची सवयच नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन होतं, तेव्हाही मुंबईचे दिवे चालू होते. हे आपोआप घडलेलं नाही. त्यामागे शंभर वर्षांत घेतलेले निर्णय आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचा भार शहराबाहेरच्या कुणीतरी उचलला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून यायचा, त्यामुळे महाग पडायचा, आणि गिरणगावावर काजळी धरायची. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्यापासून वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्ये गेले, कंपनी १९१० मध्ये उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा परिसरातल्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली सोडायचं आणि त्या जोरावर चक्रं फिरवायची, असं ते तंत्र. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरं आली. गिरण्यांना वीज स्वस्त मिळाली, भरवशाची मिळाली आणि धूरही नव्हता. तिन्ही गोष्टी एकदम साधल्या, असं त्या काळी वाटलं असेल तर नवल नाही.

भिऱ्यासाठी पाणी हवं होतं ते मुळशीचं. त्या धरणाखाली नीळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि आंबेमोहोराची भातखाचरं जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे होते. बापटांच्या नावामागे ‘सेनापती’ लागलं ते याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. सरकारने भूसंपादन कायदा वापरला, सत्याग्रही तुरुंगात गेले, धरण झालं. धरणग्रस्तांचा इतका जुना संघटित लढा जगात क्वचितच सापडतो, असं अभ्यासक सांगतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: विजेचं गणित तेव्हा बरोबर सुटलं होतं, पण मुळशीकरांची जमीन त्या गणितात धरलेलीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर शहर इतकं वाढलं की घाटातलं पाणी पुरेना. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक संच आला आणि नंतर एकामागून एक मोठे संच बसले. १९८४ मध्ये तिथे देशातला पहिला ५०० मेगावॅटचा संच सुरू झाला. वीजघर शहराच्या कुशीत असल्याने वीज लांबून आणावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण चेंबूर, माहुल या वस्त्याही त्याच कुशीत आहेत. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि खत कारखाना होताच. धुराविरुद्ध ओरड झाली तेव्हा समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसवली गेली. खारं पाणी मुळात क्षारधर्मी असतं, त्यामुळे धुरातला गंधकवायू ते बऱ्यापैकी शोषून घेतं. अशा उपायांना पैसा लागतो आणि तो पैसा वीजबिलातून येतो.

याच काळात मुंबईच्या भरवशाचा खरा पाया घातला गेला. १९८१ मध्ये ‘आयलँडिंग’ची, म्हणजे संकटात शहर बेटासारखं वेगळं करण्याची व्यवस्था झाली. राज्याच्या जाळ्यात मोठा बिघाड झाला की पुरवठा आणि मागणी यांचा मेळ तुटतो आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी घसरू लागते. ती ठरलेल्या पातळीखाली गेली की मुंबई आपोआप जाळ्यापासून सुटी होते, काही भागांचा भार तत्काळ तोडला जातो आणि उरलेलं शहर ट्रॉम्बे, नंतर आलेलं डहाणू आणि घाटातल्या वीजघरांवर चालू राहतं. सगळं काही सेकंदांत व्हावं लागतं. त्यात एक अट दडलेली आहे: त्या क्षणी शहराच्या आत पुरेशी वीज तयार होत असली पाहिजे.

भरवशाचा हा खर्च कुणी द्यायचा यावरून मोठी भांडणं झाली. टाटांनी राज्य वीज मंडळाकडून ५५० एमव्हीए (वीजक्षमता मोजण्याचं एकक) राखीव क्षमता घेतली होती. आपला संच बंद पडला तर मंडळाने तेवढी वीज द्यायची, आणि ती वापरली नाही तरी टाटांनी आकार भरायचा. उपनगरांना वीज देणाऱ्या बीएसईएसने टाटांकडून त्यातली २७५ एमव्हीए घेतली. मग तिने किती पैसे द्यायचे यावर वाद पेटला. तो नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असा फिरत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये निकाली निघाला, तोवर बीएसईएसचा व्यवसाय रिलायन्सकडून अदानींकडे गेला होता. न आलेल्या संकटाचे पैसे भरणं कुणालाच आवडत नाही. पण अखेर ते ग्राहकाकडूनच येतात, हे बिल भरणाऱ्याला समजावून सांगण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

डहाणूचं वीजघर १९९५ मध्ये आलं. कोळशावर चालणारे २५० मेगावॅटचे दोन संच, वीज मुंबईच्या उपनगरांना, आणि भोवती चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे, खाडीतली मासेमारी. १९९१ मध्येच केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला होता. स्थानिक लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रकल्प थांबला नाही, पण १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधकवायू काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. यंत्रणा चालू झाली २००७ मध्ये. आदेश आणि अंमलबजावणी यांतली ही आठ वर्षं डहाणूकरांनी त्याच हवेत काढली. तरीही स्थानिक माणसं चिकाटीने पाठपुरावा करत राहिली म्हणूनच ती यंत्रणा बसली, आणि याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं पाहिजे.

आता २०२० च्या त्या सकाळकडे येऊ. पडघे ते कळवा या पट्ट्यातली एक ४०० केव्हीची (अतिउच्च दाबाची) वाहिनी दुरुस्तीसाठी आधीच बंद होती, बाकीच्या एकामागून एक बंद पडल्या आणि आयलँडिंग टिकलं नाही. शहरातली निर्मिती त्या वेळी मागणीपेक्षा बरीच कमी होती. वितरण कंपन्या बाहेरची स्वस्त वीज घेतात आणि ते ग्राहकाच्या हिताचंच आहे. पण बाहेरची वीज जितकी जास्त, तितकी बेटाची ताकद कमी. दर आणि भरवसा एकमेकांना कसे छेद देतात, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

बाहेरची वीज आणायला वाटाही कमी आहेत. तीन बाजूंनी पाणी, उरलेल्या बाजूला खाडी, खारफुटी आणि दाट वस्ती. मुंबईच्या हद्दीत ४०० केव्ही वीज आणणारी खारघर–विक्रोळी वाहिनी कितीतरी वर्षं कागदावर होती. ती २०२३ मध्ये चालू झाली. २०१८ पासून खारफुटी तोडायची तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. मात्र वाहिनीला उशीर झाला की तेवढा काळ ट्रॉम्बे आणि डहाणूचा कोळसा जळत राहतो. खारफुटी वाचवणं आणि माहुलची हवा सुधारणं या दोन्ही पर्यावरणाच्याच मागण्या आहेत, आणि इथे त्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. उन्हाळ्यात मुंबईची मागणी आता ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते, त्यामुळे हा पेच सैल होण्याची चिन्हं नाहीत.

म्हणून नजर पुन्हा घाटाकडे वळली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला: शिरवटा येथे १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅट. दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. सौर विजेला रात्रीचा भरवसा द्यायचा हा चांगला मार्ग आहे. दुसरीकडे, टाटांच्या धरणांतलं पाणी मूळचं भीमा खोऱ्याचं, ते पश्चिमेला न वळवता पूर्वेलाच सोडा, अशी पुणे आणि सोलापूरकडची जुनी मागणी आहे. वीजघरांतून खाली उतरलेल्या त्याच पाण्यावर पाताळगंगा, कुंडलिका आणि उल्हास या नद्यांकाठची शहरं आणि कारखाने चालतात. नवे प्रकल्प आखताना या दोन्ही खोऱ्यांतल्या लोकांना आधी बोलावून त्यांच्याशी बोललं पाहिजे. मुळशीत ते झालं नव्हतं.