संगीताची आवड आणि वास्तूची आवड

माणसाला कोणते गाणे-वाजवणे रुचते आणि कोणत्या धाटणीचे घर, देऊळ वा इमारत भावते, या दोन आवडींमधला संबंध. सौंदर्यशास्त्र, ध्वनिशास्त्र आणि समाजशास्त्र यांनी त्याचा आपापल्या बाजूने विचार केला आहे. सोलापूर परिसरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे, दगडी देवळे, माळवदाची (सपाट मातीच्या छताची) घरे आणि यंत्रमाग शेजारी शेजारी असल्याने हा विषय इथे पुस्तकी राहत नाही.

सर्वांत जुने उत्तर आकड्यांचे. तार निम्मी केली की वरचा षड्ज (सा) लागतो, दोन तृतीयांश ठेवली की पंचम (प). कानाला गोड लागणारी हीच गुणोत्तरे खोल्यांच्या लांबी-रुंदीलाही द्यावीत, असे पंधराव्या शतकात इटलीतल्या अल्बेर्ती या वास्तुविशारदाने मांडले. विचार देखणा आहे, पण अपुरा. पंचम किंचित उतरला तरी कान लगेच ओळखतो. खोली वीतभर लांब झाली तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचा खण अधिक बोलका. माळवदी घर खणात मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. सोप्यात बसून वर पाहिले की तुळया ठरावीक अंतराने येत राहतात, जशी तीनतालाच्या १६ मात्रांत चार-चार मात्रांच्या खंडांची टाळी-खाली येत राहते. सारखे अंतर आणि त्याची वाट पाहणे, हे सुख दोन्हीकडे एकच आहे.

दुसरे आणि जास्त भक्कम उत्तर घुमाऱ्याचे, म्हणजे आवाज थांबल्यावरही खोलीत रेंगाळणाऱ्या नादाचे. खोलीचे आकारमान आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग यांवर घुमारा किती वेळ टिकेल ते ठरते, हे वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९५पासूनच्या प्रयोगांतून दाखवले. माळवदाचे छत ठेंगणे, भिंती जाड मातीच्या, जमीन सारवलेली आणि भजनाला माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. तिथे आवाज घुमत नाही. टाळ वाजतो आणि थांबतो, अभंगाचा शब्दन्‌शब्द मागच्या माणसापर्यंत पोचतो. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत शब्दाला इतका मान आहे तो संतांमुळे, हे खरेच. पण त्या शब्दाला जागा करून दिली ती या घरांनी, हेही विसरता येत नाही.

याच्या उलट टोक सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, विजापूरच्या गोलघुमटात. टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथे संथ लावलेला षड्ज भरून येईल, द्रुत तान मात्र स्वतःच्याच प्रतिध्वनीत बुडेल. त्याच शहरात दोन्ही आवडी एका माणसात एकवटल्याचे ठळक उदाहरण आहे. सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या लग्नात विजापूरच्या आदिलशाहीला आंदण दिला गेला होता. पुढे तिने ज्या अल्पवयीन राजासाठी कारभार पाहिला, तो दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८०–१६२७). त्याने रागांत बांधलेली पदे दखनीत लिहिली, त्यांत सरस्वती आणि गणपतीला वंदन केले, आणि विजापूरजवळ नवरसपूर वसवले. इब्राहिम रोजा या त्याच्या कबरीच्या वास्तूच्या भिंतींवरची बारीक, दाट नक्षी पाहताना हा राजा गाण्यातल्या हरकती-मुरक्यांवर जीव टाकणारा असावा असे वाटत राहते.

उघड्यावरच्या संगीताचे गणित वेगळे. सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत उत्तर कसब्यातून नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा हलगी आधी जाळावर शेकून ताणून घेतात. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात लवचीक काडी. जुन्या पेठेच्या अरुंद गल्लीत तिचा कडकडाट दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून अंगावर येतो. तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराजवळ तोच ठेका आभाळात मोकळा होतो. एका मिरवणुकीत ऐकणाऱ्याला दोन वेगळी वाद्ये ऐकल्यासारखे वाटते.

समाजशास्त्राचे उत्तर पिअर बोर्द्यू याने १९७९मध्ये दिले : गाणे, घर, जेवण यांतल्या आवडी सुट्या नसतात, वर्ग आणि शिक्षण यांनुसार त्या एकत्र घडतात. सोलापुरातल्या धनिक वारदांनी बांधलेले इंद्रभुवन, जिथे आज महापालिका आहे, त्याच्या युरोपीय थाटाच्या कोरीव दर्शनी भागाकडे पाहिले की हे पटते. मात्र १९९०च्या दशकात रिचर्ड पीटरसन याने दाखवले की अमेरिकेतले वरच्या थरातले श्रोते सर्व प्रकारचे संगीत ऐकू लागले आहेत. त्यामुळे एखाद्याचे घर पाहून तो काय ऐकतो हे सांगू जाणे धाडसाचेच.

माळवदे उतरून स्लॅब पडले, सारवणाजागी गुळगुळीत फरशी आली. अशा खोलीत टाळ कानाला टोचतो आणि शब्द विस्कटतो. मग भजनी मंडळी मिक्सरवरचे इकोचे बटण फिरवतात आणि देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा स्पीकरमधून परत आणतात.