माहीम कॉजवेचं जुनं पोस्टकार्ड भिंगाखाली

मुंबईच्या चोर बाजारात माहीम कॉजवेचं, म्हणजे माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या पुलाचं, जुनं पोस्टकार्ड हाती लागलं, तर आधी त्यावर भिंग धरा. ओळीने ठिपके दिसले, तर ते छापील चित्र. सुरकुत्यांसारखी बारीक नक्षी दिसली, तर कोलोटाइप, तीही छपाईच. पण काळ्यातून करड्यात आणि करड्यातून पांढऱ्यात रंग सलग उतरत गेले, तर तो खरा फोटो. जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे कण म्हणजेच ते चित्र.

कॉजवे खुला झाला 1845 साली. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले. फोटोची पोस्टकार्डं मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोफावली. कोडॅकने 1903 मध्ये पोस्टकार्डाच्याच मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेरा आणला. निगेटिव्ह थेट कागदावर दाबून छापली जाई, चित्र मोठं करावं लागत नसे. म्हणूनच अशा कार्डावर भिंग धरलं की साध्या डोळ्यांना न दिसलेले बारकावेही सापडतात.

आता आकाश बघा. बहुतेकदा कोरं पांढरं. त्या दिवशी ढग नव्हते, असं मात्र समजू नका. तेव्हाच्या निगेटिव्हच्या प्लेटवर किंवा फिल्मवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई, लाल प्रकाशाचा जवळजवळ नाहीच. पूल नीट उमटेपर्यंत आकाशाचा भाग पार जळून जाई आणि ढगही त्यातच हरवत. लाल मंगलोरी कौलंही याच कारणाने काळपट दिसतात.

या चांदीला मुंबईची हवा मानवत नाही. पावसाळ्यात जिलेटिन ओलावा पिऊन फुगतं, त्याला बुरशी धरते. दमट, प्रदूषित हवेत चांदीचे कण गंजतात, सुटलेले आयन (चांदीचे विद्युतभारित अणू) पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथे त्यांची पुन्हा चांदी होते. कडांना, विशेषतः गडद भागांवर, आरशासारखी निळसर चकाकी येते ती यामुळे. फोटो धुताना हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) नीट निघाला नसेल, तर चित्र पिवळं पडतं.

लॅमिनेशन मुळीच करू नका, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेमही टांगू नका. पीव्हीसीच्या पाकिटापेक्षा पॉलिएस्टरचं पाकीट आणि कोरडं कपाट बरं. ती चकाकी डाग समजून पुसायला जाऊ नका, फोटोतलीच चांदी कापडावर येईल. मोबाइलने फोटो काढताना ती आड येत असेल, तर दिवा बाजूने तिरपा धरा.