पार्श्वभूमी : थकलेला पगार आणि ‘विलीनीकरण’

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली महामंडळ उभं राहिलं, हे सर्वांना ठाऊक आहे. कोरोनाकाळातली ओढाताण समजून घ्यायला मात्र एवढंच ध्यानात ठेवावं लागतं की चालक-वाहकांचा पगार सरकारी तिजोरीतून होत नव्हता, तिकिटाच्या पैशांतून होत होता. त्याच तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी करही सरकारकडे जात होता.

मार्च २०२० च्या अखेरीस गाड्या थांबल्या आणि उत्पन्नच आटलं. जिल्ह्यांतर्गत वाहतूक मे महिन्यात निम्म्या प्रवाशांवर सुरू झाली, जिल्ह्याबाहेर जायला २० ऑगस्ट उजाडला. कर्मचारी मात्र घरी बसले नव्हते. परराज्यांतल्या मजुरांना सीमेपर्यंत त्यांनीच पोहोचवलं. मुंबईत अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची ने-आण करायला दूरदूरच्या आगारांतून चालक-वाहक बोलावले गेले. पगार कधी कापून आला, कधी महिना-दोन महिने आलाच नाही. नव्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन जेमतेम बारा हजार, त्यात पतपेढीचा हप्ता. दिवाळीच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२० मध्ये, काहींनी आयुष्य संपवल्यावर १,००० कोटींची मदत जाहीर झाली. हे आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२१ अखेर, कर्मचाऱ्यांचं उपोषण सुरू झालं. महागाई भत्ता व घरभाडे भत्त्यावर तोडगा निघाला, तरी आगारं एकामागून एक बंद पडत गेली. कामगार याला संप म्हणत नव्हते, गेलेल्या सहकाऱ्यांसाठीचा ‘दुखवटा’ म्हणत होते.

आता मागणी एकच उरली होती, विलीनीकरण. सगळा घोळ या शब्दात आहे. कामगाराला त्यातून राज्य कर्मचाऱ्याचा दर्जा, तशी वेतनश्रेणी आणि ठरल्या तारखेला पगार हवा होता. सरकारी बाजूने तोच शब्द महामंडळच सरकारच्या खात्यात विरघळवणं असा वाचला, आणि मग १९५० च्या कायद्याची अडचण पुढे आली. या दोन गोष्टी एक नाहीत. आंध्र प्रदेशात १ जानेवारी २०२० पासून कर्मचारी सरकारी सेवेत गेले, महामंडळ मात्र कायम राहिलं. उलट तेलंगणात २०१९ मध्ये बावन्न दिवसांचा संप होऊनही सरकार बधलं नाही. तिथे तसा कायदा व्हायला २०२३ उजाडलं. महाराष्ट्रात आंध्रचा दाखला वारंवार दिला गेला. पण ‘महामंडळ राहू द्या, माणसं घ्या’ ही मांडणी चर्चेच्या मध्यभागी आलीच नाही.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने विलीनीकरणाच्या मागणीवर त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. तिचा अहवाल यायच्या आत, २४ नोव्हेंबर २०२१ ला, मूळ वेतनात सेवेच्या वर्षांनुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ आणि दर महिन्याच्या १० तारखेच्या आत पगाराची हमी जाहीर झाली. बरेच जण तरीही परतले नाहीत. हजारोंवर निलंबन, बडतर्फीची कारवाई झाली. समितीने विलीनीकरण नाकारलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं आणि गाड्या धावू लागल्या. २०२३ च्या सुरुवातीला पगार पुन्हा लांबला.