सेन्सर गया, साब!

मागच्या आठवड्यात सकाळी सकाळी मेहुण्याचा फोन. "भाऊजी, गाडी म्हणते ब्रेक दाबा. अहो, मी केव्हाचा दाबून बसलोय!" ऑटोमॅटिक गाडी, बटणावर सुरू होणारी. ब्रेकवर पाय आहे हे तिच्या कॉम्प्युटरला पटल्याशिवाय इंजिन फिरत नाही. मी इंदूरच्या रामबागेतून पलासियाला पोचेपर्यंत मिस्त्रीने गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर लावून निकाल देऊन टाकला होता: "सेन्सर गया साब, बदलना पड़ेगा." शेजारच्या काकूंचा निकाल वेगळा: खजराण्याच्या गणपतीला गाडीची पूजा झाल्यापासून लिंबू-मिरची बदललेलीच नाही. पुरावा दोघांकडेही सारखाच होता.

स्कॅनरवर कोड होता पी ०५०४. त्याचा अर्थ 'सेन्सर गेला' असा होत नाही. ब्रेकबद्दल येणारे दोन संकेत एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच तो सांगतो. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, पण खोटं कोण बोलतंय ते कळलेलं नाही. कधी दोघेही खरे असतात आणि लिहून घेणारा कारकून बहिरा असतो.

जुन्या गाड्यांत पेडलमागे दाराच्या घंटीसारखा साधा स्विच असे. तिथे बऱ्याचदा स्विच ठणठणीत असतो आणि त्याच्यासमोरची प्लॅस्टिकची टिकली भुगा होऊन मॅटवर पडलेली असते. मग ब्रेक लाइट रात्रभर जळतो, सकाळी बॅटरी गार.

मेहुण्याच्या गाडीत मात्र हॉल सेन्सर. हे माझं आवडतं प्रकरण. १८७९ साली बाल्टिमोरला एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, आपण मिठाईवर चांदीचा लावतो तसा. त्यातून लांबीच्या दिशेने वीज सोडली, वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला, तर रुंदीच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज दिसलं! इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती, म्हणजे आत नेमकं काय धावतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. चुंबक धावत्या इलेक्ट्रॉनना एका कडेला ढकलतं. तिथे गर्दी होते, गर्दी नव्यांना मागे रेटते, आणि दोन्ही रेटे सारखे झाले की जे व्होल्टेज उरतं ते हॉल व्होल्टेज. गंमत अशी की वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, जितके कमी तितकं ते जास्त. तांब्याच्या १ मिलिमीटर जाड पट्टीतून १ अँपिअर सोडा, १ टेस्ला (चुंबकाच्या जोराचं एकक) ताकदीचं चुंबक लावा. हाती येतात फक्त ०.०७ मायक्रोव्होल्ट. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात वाहक लाखो पटींनी कमी, म्हणून सेन्सर त्याचा करतात. पेडलबरोबर चुंबक सरकतं, व्होल्टेज बदलतं. घासत काहीच नाही, त्यामुळे झिजतही नाही. म्हणूनच 'सेन्सर गया' ऐकलं की मी आधी तारांकडे बघतो.

इग्निशन ऑन करून, कनेक्टर न उपटता, मागून बारीक पिन घालून मोजलं. मल्टीमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला. सप्लाय ५ व्होल्ट, ठीक. पेडल दाबलं की एक संकेत चढतो, दुसरा उतरतो. दोघांची बेरीज सतत ५ यायला हवी. पेडल कुठेही ठेवा, येत होती ५.८. सेन्सर बिघडला असता तर बेरीज सगळीकडे इतकी सारखीच चुकली असती का? सेन्सरच्या अर्थच्या (जमिनीच्या, ऋण बाजूच्या) तारेवर मीटर लावला: शून्याच्या आसपास हवं तिथे ०.८ व्होल्ट! सेन्सरची जमीनच वर उचलली गेली होती. अर्थ ०.८ ने वर, सप्लाय जागच्या जागी, आणि उलटसुलट चालणाऱ्या दोन संकेतांची बेरीज म्हणजे अर्थ अधिक सप्लाय. (कागदावर मांडून पाहा, दोन ओळींत सुटतं.)

कनेक्टर उघडला तर अर्थची पिन गंजून हिरवी पडलेली, मॅटखाली ओल. पिन घासली, बेरीज ५ वर आली, गाडी सुरू झाली. ब्रेक स्वतः तेलाच्या दाबावर चालतात, ते अशा बिघाडातही लागतात. पण मागच्याला लाल दिवा दिसला नाही तर तो येऊन आदळेल, म्हणून हे चालवून घेऊ नये.

पाणी पुढच्या काचेखालच्या नालीतून आलं होतं. ती गुलमोहराच्या पानांनी गच्च भरलेली. मेहुण्याला म्हटलं, गाडी तिथे लावू नकोस. तो म्हणाला, "अहो, पण इंदूरच्या उन्हात तेवढीच सावली आहे गल्लीत."